मुलींचा मल्लखांब

दिल्लीत इंद्रप्रस्थ इस्टेट म्हणून जो भाग आहे तेथे सरकारी कचेऱ्यांच्या इमारती एकीला लागून एक उभ्या आहेत, आणि त्यांच्या पलीकडे, यमुनेच्या अंगास, इंदिरा गांधी क्रीडागार आहे. १९८२ सालच्या आशियाई सामन्यांसाठी ते बांधले गेले, तेव्हा त्याचे नाव इंद्रप्रस्थ होते. सुमारे चौदा हजार माणसे आत बसू शकतात. माझी कचेरी या भागात असल्यामुळे वर्षानुवर्षे मी त्याच्यावरून जात-येत आलो, परंतु आत काय चालते याची चौकशी करण्याची बुद्धी मला बरेच दिवस झाली नव्हती. फायलींत मान घातलेल्या माणसाला खिडकीबाहेरच्या गोष्टी उशिरा दिसतात.

ती बुद्धी झाली माझ्या पुतणीमुळे. तिचा जन्म दिल्लीचा, शिक्षण दिल्लीचे, आणि मराठीत हिंदीची भेसळही अस्सल दिल्लीची. ती येथील एका कॉलेजात शिकते आणि तेथील मुलींच्या जिम्नॅस्टिक्स संघात आहे. संघ सहा मुलींचा. सरावाची सामग्री बेताचीच. मध्यंतरी त्यांची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, तिला मी प्रेक्षक म्हणून गेलो. दहा सेंटिमीटर रुंदीच्या तुळईवर ही मुलगी उलटी होते, हे पाहताना माझ्या पोटात गोळा आला होता. संघाला तिसरा क्रमांक मिळाला आणि मुली खुशीत होत्या. परतताना ती म्हणाली, "काका, आजी सांगते तो मल्लखांब म्हणजे जिम्नॅस्टिक्सच ना? मग आमच्या स्पर्धेत तो का नाही?" मी सवयीने उत्तर दिले, "अगं, तो आपला वेगळा खेळ आहे." त्यावर तिने विचारले, "वेगळा कुणी केला?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे जे वाचले व ऐकले त्यावरून असे दिसते की, तिचा प्रश्न अगदी योग्य जागी बसला होता. मल्लखांब मुळात वेगळा नव्हता. तो एकदा जिम्नॅस्टिक्सच्या पंगतीस बसला होता, आणि ती पंगत याच दिल्लीत मांडली गेली होती. पुढे त्याचे पान उचलले गेले. आणि या साऱ्या प्रकाराशी सर्वांत निकटचा संबंध होता तो मुलींचा.

मल्लखांबाचे मूळ शोधू लागले म्हणजे अभ्यासक बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथाकडे बोट दाखवतात. कल्याणीच्या चालुक्य कुळातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या या ग्रंथात मल्लांच्या विद्येचे सविस्तर वर्णन आहे आणि त्यात मल्लांनी खांबावर करावयाच्या मेहनतीचा उल्लेख येतो. परंतु आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो त्याची परंपरा बाळंभटदादा देवधरांपासून मोजण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले, त्यांनी पुण्यातील मल्लांस आव्हान दिले, आणि ते कोणीच स्वीकारीना. तेव्हा बाळंभट नावाच्या तरुणाने ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. तो वणीस सप्तशृंगीच्या दर्शनाला गेला. तेथे देवीच्या कृपेने मारुतीने त्याला खांबावरच्या उड्या व पकडी दाखवल्या, आणि परत आल्यावर त्याने अलीला चीत केले. गुलाबाने कुस्ती न खेळताच हार मानली, अशी आख्यायिका आहे. मारुतीचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. माकड झाडावर कसे चढते, कसे लोंबकळते, अंग कसे फिरवते, हे कोणीतरी बारकाईने पाहिले आणि त्याची विद्या केली. पुढे कोंडभटनाना गोडबोले आदी शिष्यांनी ही विद्या चालवली.

येथे थोडे युरोपकडे पाहू. १८११ साली बर्लिनजवळच्या माळावर यान नावाच्या शिक्षकाने दांडपट्ट्या आणि कसरतीचे खांब उभारून जर्मन तरुणांची तालीम सुरू केली. १८१३ साली स्टॉकहोममध्ये लिंग याने आपली व्यायामसंस्था काढली. आज ऑलिंपिकमध्ये जे जिम्नॅस्टिक्स चालते, त्याच्या घराण्याचे हे दोन मूळपुरुष. दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द १७९६ ते १८१८. म्हणजे बर्लिन, स्टॉकहोम आणि पुणे येथे, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच सुमारास माणसे एकाच विद्येची तीन रूपे घडवत होती. त्यांपैकी दोन रूपे जगभर गेली आणि तिसरे राज्य बुडाल्यामुळे बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तास गेले. तेथे पेशव्यांच्या आश्रयाला वाढलेल्या मुलांत नानासाहेब होते आणि मनू तांबे होती, जी पुढे झाशीची राणी झाली. मनू मल्लखांब शिकली होती, अशी परंपरागत समजूत आहे. तिला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न इतिहाससंशोधकांचा. परंतु मल्लखांबाच्या कथेत एक मुलगी पहिल्यापासून उभी आहे, आणि पुढची शंभर वर्षे मराठी तालमींनी तिच्याकडे पाठ फिरवली, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाठ फिरवण्याचे कारण उघड होते. पुरलेला मल्लखांब म्हणजे शिसवीचा किंवा सागवानी खांब, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला. त्याला एरंडेल चोळतात. लंगोट लावून उघड्या मांड्यांची अढी त्याला घालावयाची. तालमीत मारुतीची मूर्ती, ब्रह्मचर्याची शपथ आणि हौद्याची लाल माती. तेथे मुलींना प्रवेश कोण देणार? मुलींना वाट करून दिली ती मल्लखांबाच्या दुसऱ्या एका प्रकाराने. पूर्वी वेताचा मल्लखांब होता. वर आढ्याला टांगलेल्या लांब वेतावर कसरत करीत. पुढे चांगला वेत मिळेनासा झाला आणि त्याच्या जागी सुताची दोरी आली. ही अडचणीतून निघालेली तोड, परंतु तिने खेळाचे रूप पालटले. वेत ताठ असतो. दोरी अंगाभोवती फिरते, वेढे घेते, आणि अंगभर कपडे घालूनही तिच्यावर काम करता येते. दोरीवर मुली चढल्या त्या बहुधा या कारणाने. निदान मला तरी दुसरे सयुक्तिक कारण दिसत नाही.

ज्यांनी दोरीचा मल्लखांब पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याचे थोडे वर्णन केले पाहिजे. दोरी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि अंगठ्याएवढ्या जाडीची. मुलगी प्रथम सलामी देते, मग पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून वर जाते. सारा भार त्या चिमटीवर. वर गेल्यावर दोरीचे वेढे कमरेला, मांडीला, पोटरीला पडतात आणि त्यांतून आसने साकारतात. नियम असा की दोरीला गाठ म्हणून मारावयाची नाही. वेढा बसतो तो शरीराच्या वजनाने, आणि सुटतो तो शरीराच्याच एका हिसड्याने. यात चूक झाली तर दोरी क्षमा करीत नाही, पण योग्य ठिकाणी योग्य दाब पडला तर हात सोडून दिलेली मुलगी अधांतरी पद्मासन घालून स्वस्थ बसलेली दिसते. पुरलेल्या मल्लखांबाची अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही नावे जुन्या व्यायामशाळांत मुलांना पाठ असत. आज मुली पुरलेल्या मल्लखांबावरही स्पर्धा करतात. परंतु दोरी ही त्यांची मिरासच म्हणावयास हरकत नाही.

मुलींच्या कसरतीचा इतिहास तालमीपासून सुरू केला, तर मात्र तो अर्धा आणि अन्यायाचा होईल. महाराष्ट्रात खेडोपाडी कोल्हाटी आणि डोंबारी यांच्या बायका व मुली शतकानुशतके बांबूवर चढत आल्या, दोरावरून चालत आल्या, उलट्या उड्या मारीत आल्या. तोल, लवचिकपणा आणि धाडस ही जिम्नॅस्टिक्सची तीन अंगे मानली, तर या भूमीतील पहिल्या जिम्नॅस्ट त्याच होत. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. गावाने त्यांचा खेळ पाहिला, पायलीभर धान्य दिले आणि त्यांना गावाबाहेर ठेवले. इतकेच करून समाज थांबला नाही. 'डोंबाऱ्याचा खेळ' हा शब्द त्याने शिवीसारखा वापरला, आणि त्याच शब्दाचा धाक घालून आपल्या घरच्या मुलींना उडी मारण्यापासून परावृत्त केले. एका समाजाच्या मुलींची विद्या हलकी ठरवावयाची आणि दुसऱ्या समाजाच्या मुलींना ती हलकी म्हणून शिकू द्यावयाची नाही. दोन्हीकडे नुकसान मुलींचेच झाले.

सर्कशीने ही कोंडी थोडी फोडली. विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी घोडे शिकवण्याचे काम करीत. मुंबईस कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली होती. ती पाहून, आणि हिंदी माणसाला असे काही जमणार नाही हे त्याचे बोलणे मनाला लावून घेऊन, छत्र्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. तिचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी झाला. भूगंधर्व रहिमतखाँना सांभाळणारे छत्रे ते हेच. त्या पहिल्या खेळांत झुल्यावरची कसरत करणारी स्त्री होती ती त्यांची स्वतःची पत्नी. १८८० साली एका मराठी ब्राह्मण गृहस्थाची बायको लोकांसमक्ष तंबूच्या टोकाशी झुलत होती, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत मला क्वचितच आढळली. विधवाविवाहावर, संमतिवयावर आपण पाने भरली, आणि ती योग्यच. या बाईला एक ओळही पुरेशी मिळू नये याचे वाईट वाटते. पुढे देवल, कार्लेकर इत्यादी मराठी सर्कशी गाजल्या. तथापि सर्कशीतील बाई म्हणजे तमाशातील बाईची बहीण, हा समज काही गेला नाही.

तो जाण्यास विसाव्या शतकातील व्यायामचळवळ कारण झाली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९२५ साली दादरला श्री समर्थ व्यायाम मंदिर स्थापन झाले. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. मल्लखांबाची प्रत्येक पकड चित्रासह लिहून ठेवण्याचा हा उद्योग. तो झाला नसता तर गुरूच्या मृत्यूबरोबर कितीतरी पकडी गेल्या असत्या. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. यानच्या गावी बाळंभटदादांची विद्या पोहोचली ती अशी, सव्वाशे वर्षांनी. पुढे १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवासही अमरावतीचे पथक गेले.

स्वराज्य आल्यावर खेळ हा राज्यकारभाराचा विषय झाला. १९५१ साली भारतीय जिम्नॅस्टिक्स महासंघ स्थापन झाला, १९५४ साली अखिल भारतीय क्रीडा परिषद नेमली गेली, १९५६-५७ पासून विद्यापीठांसाठी मौलाना आझाद करंडक सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो मुंबई विद्यापीठाने पटकावला. १९५७ साली, सत्तावनच्या शताब्दीच्या निमित्ताने, ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले आणि त्याला नाव दिले गेले लक्ष्मीबाईचे. ज्या गावी ती पडली त्या गावी तिच्या नावाने व्यायामाचे कॉलेज व्हावे, हे सरकारी खात्याकडून झालेले एक औचित्यपूर्ण काम होय. आमच्या खात्यांकडून अशी कामे रोज होत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंद करतो.

याच सुमारास, १९५८ साली, दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धा झाल्या आणि त्यांत मल्लखांबाला प्रथम स्थान मिळाले. माझ्या पुतणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका वाक्यात आहे. जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय मेळाव्यात, आडव्या दांडीच्या आणि कड्यांच्या शेजारी, एक शिसवी खांब उभा राहिला. चार वर्षांनी, १९६२ साली, ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय स्पर्धांत महासंघाने त्याला रीतसर मान्यता दिली. ग्वाल्हेर हे शिंद्यांचे गाव, मराठी वस्तीचे आणि व्यायामशाळांचे. तेथे हे व्हावे यात नवल नव्हते. पुढची चौदा वर्षे देशी खांब आणि परदेशी दांडी एका घरात नांदली. मग १९७६ साली महासंघाने मल्लखांबाच्या राष्ट्रीय स्पर्धा बंद केल्या.

वाद कोणाची बाजू खरी असा नाही. महासंघाची अडचण समजण्यासारखी होती. आंतरराष्ट्रीय नियमावलीत मल्लखांब नव्हता, आणि ज्या खेळात पदक नाही त्यावर पैसा का खर्चावा, असे टिपण कोणत्याही कचेरीत सहज लिहिले जाते. मी स्वतः अशी टिपणे दुसऱ्या विषयांवर लिहिलेली आहेत. परंतु टिपणावर सही झाली की, ज्याचा खर्च वाचला तो कागदावर दिसतो, आणि ज्याचे नुकसान झाले ते कागदावर दिसत नाही. मल्लखांब निराधार झाला. उज्जैनच्या बमशंकर जोशी यांच्या खटपटीने जानेवारी १९८१ मध्ये तेथे अखिल भारतीय स्पर्धा भरली आणि मल्लखांबाचा स्वतंत्र महासंघ जन्माला आला. तेव्हापासून दोन खेळ, दोन महासंघ. वेगळा कुणी केला, याचे उत्तर हे असे आहे.

आता दुसऱ्या घरात काय चालले होते ते पाहू. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे जिम्नॅस्टिक्स प्रथम आले १९२८ साली, ॲम्स्टरडॅमला, आणि तेही केवळ सांघिक. वैयक्तिक स्पर्धा सुरू झाल्या १९५२ साली हेलसिंकीला. त्याच हेलसिंकीला भारताचे पहिले दोन जिम्नॅस्ट गेले. १९५६ साली तिघे गेले, १९६४ साली सहा. हे अकराही पुरुष. नंतर बावन्न वर्षे कोणीच नाही. २०१६ साली जी गेली ती मुलगी होती, आणि ती आगरतळ्याची होती.

दीपा कर्माकरचे नाव आज सर्वांस ठाऊक आहे, परंतु तिच्या मागची परंपरा ठाऊक असणारे थोडे. दलीपसिंग नावाचे हरियाणाकडचे एक प्रशिक्षक १९६०च्या दशकात त्रिपुरात गेले आणि त्या दूरच्या गावी त्यांनी जिम्नॅस्टिक्स रुजवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंटू देबनाथ यांना १९७५ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. कल्पना देबनाथ यांना तो २००० साली मिळाला. त्याच आगरतळ्यात सोमा नंदी आणि विश्वेश्वर नंदी या दांपत्याने दीपाला घडवले. सपाट तळव्यांची मुलगी. आरंभी उडीची फळी जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून केलेली. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांत तिने कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिकपूर्वीचा तिचा कसून सराव मात्र झाला तो माझ्या कचेरीजवळच्या त्या क्रीडागारात, कारण प्रोदुनोव्हा नावाची जी जीवघेणी उडी ती मारीत असे, तिच्या सरावाला मऊ फोमचा खड्डा लागतो. ती उडी घोड्यावरून पुढच्या बाजूस दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरण्याची. मान आधी टेकली तर सारेच संपले. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथे तिला १५.०६६ गुण मिळाले आणि तिचा चौथा क्रमांक आला. तिसऱ्या क्रमांकाशी अंतर ०.१५० गुणांचे. परतल्याबरोबर ती राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या परीक्षेस बसली. आम्ही एम.ए. झालो तेव्हा परीक्षेचा नुसता धसका घेऊन आजारी पडणारे माझे सहाध्यायी मला आठवले. २०२४ साली ताश्कंदला तिने आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्णपदक मिळवले आणि त्याच वर्षी निवृत्ती पत्करली. तिच्या मागून बंगालची प्रणती नायक टोकियोच्या ऑलिंपिकला गेली.

म्हणजे दलीपसिंगांपासून दीपापर्यंत अर्धे शतक गेले. विद्या एका गावात, एका शिष्यशाखेत, खंड न पडता राहिली तेव्हा कोठे एक दीपा झाली. बाळंभटदादांपासून आजवर मराठी मुलखात दोनशे वर्षांची शिष्यशाखा आहे. दादर, पुणे, सातारा, अमरावती येथे शेकडो मुली दोरीवर चढतात. त्यांच्यातून एकही ऑलिंपिकला गेलेली नाही. याचे खापर १९७६च्या निर्णयावर फोडण्याचा मोह मला झाला होता. जाणकारांशी बोलल्यावर तो आवरावा लागला. दोरीने हात, पोट आणि पायाची बोटे तयार होतात, परंतु घोड्यावरच्या उडीला लागणारी धावेची झेप, किंवा दीड पुरुष उंचीवरून ताठ पायांनी उतरण्याची सवय, ती देत नाही. दोरीवरची पोर आपोआप जिम्नॅस्ट होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण हेही खरे की दोन्ही विद्या एका छपराखाली राहिल्या असत्या, तर दोरीवर चढणाऱ्या सात वर्षांच्या मुलीतील गुण दांडीच्या शिक्षकाने पाहिले असते. ती नजरच तुटली. एकीकडे घोडा, तुळई, विषम दांड्या आणि बारा मीटर चौरस गादी विकत घेण्याची ऐपत मोजक्याच शहरांत, आणि दुसरीकडे एक दोरी व एक आडे एवढ्या भांडवलावर तयार झालेल्या मुली, ज्यांना जिल्ह्यापलीकडे जाण्यास पुष्कळ वर्षे वाटच नव्हती.

कॉलेजच्या मुलींना वाट करून दिली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. १९७२ साली तेथे कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलामुलींत भेद करता कामा नये. त्याचा परिणाम खेळांवरही झाला. यूटा विद्यापीठात १९७५ साली ग्रेग मार्सडेन नावाच्या तरुणाने मुलींचा जिम्नॅस्टिक्स संघ हाती घेतला. १९८१ साली तो संघ राष्ट्रीय विजेता झाला, पुढची पाच वर्षे लागोपाठ विजेता राहिला, आणि १९९५ पर्यंत त्याची दहा विजेतेपदे झाली. आज त्या गावात या मुलींची स्पर्धा पाहावयास हजारोंनी माणसे तिकीट काढून येतात. आमच्या पुतणीच्या स्पर्धेला प्रेक्षक होते ते बहुतेक आईबाप, एक काका आणि चहावाला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. चहा उत्तम होता.

गेल्या काही वर्षांत वारे फिरले आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरातील उदय देशपांडे यांनी परदेशांतून शिष्य तयार केले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. परंतु मला त्यांच्या कामातील वाटते ते मोठेपण निराळे आहे. दादरच्या अंध मुलींच्या शाळेतील मुलींना त्यांनी मल्लखांब शिकवला. दोरी कोठे आहे हे डोळ्यांना विचारावे लागत नाही, ते कातडीला कळते. ज्या मुलीला पायऱ्या उतरतानाही कोणाचा हात धरावा लागे, ती दोरीवर एकटी वर जाते, खाली डोके करून हात सोडते, आणि सुखरूप खाली येते. दीपाच्या प्रोदुनोव्हापेक्षा हे साहस कमी आहे असे मला वाटत नाही.

केंद्र सरकारने २०२० साली मल्लखांबाचा खेलो इंडिया योजनेत समावेश केला आणि जून २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या युवक क्रीडास्पर्धांत तो पदकांचा खेळ म्हणून आला. त्याच स्पर्धांत ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने तालबद्ध जिम्नॅस्टिक्समधील पाचही सुवर्णपदके जिंकली. एका कार्यक्रमपत्रिकेत मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स पुन्हा शेजारी शेजारी छापले गेले. दिल्लीपासून फार दूर नव्हे, चार-पाच तासांच्या वाटेवर. २०२२ सालचा अर्जुन पुरस्कार सागर ओव्हळकर यांना मल्लखांबासाठी दिला गेला. महासंघ मात्र अजून दोन आहेत, आणि कॉलेजच्या ज्या स्पर्धेला मी गेलो होतो, तिच्या पत्रकात मल्लखांब नव्हता.

हे सारे मी पुतणीला एका रविवारी सांगितले. तिने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण काका, ती दोरी मिळते कुठे?" मागच्या दिवाळीत मुंबईस जाणे झाले तेव्हा दादरहून मी एक सुताची दोरी घेऊन आलो. राजधानी एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या प्रवाशाने ती कशासाठी म्हणून संशयाने विचारले, तेव्हा त्याला बाळंभटदादांपासून सांगावे लागले. वसतिगृहाच्या मागे एक जुना कडुनिंब आहे, त्याच्या फांदीला ती टांगली आहे. तिच्या संघातल्या सहाजणींनी तीवर चढून पाहिले. तुळईवर पाऊल न चुकणाऱ्या या मुली, परंतु पायाच्या बोटांची चिमट पहिल्या आठवड्यात एकीचीही टिकली नाही. दुसऱ्या आठवड्यात एक पंजाबी मुलगी फांदीपर्यंत गेली. पुतणी अजून अर्ध्यावर आहे.